‘प्रेतो’ आणि ‘नेग्रो’ : लादिनोतील काळ्याची वाटणी

१४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंनी सालोनिका, इस्तंबूल, इझमीर या शहरांत जपलेल्या लादिनो भाषेत काळ्या रंगाला ‘प्रेतो’ म्हणतात. (मराठी कानाला होणारी ‘प्रेता’ची आठवण हा निव्वळ योगायोग.) स्पॅनिशमधला ‘नेग्रो’ही लादिनोत आहे; परंतु तेथे त्याचा अर्थ मुख्यतः ‘वाईट’, ‘दुष्ट’ असा होतो. आधुनिक स्पॅनिशच्या आधाराने लादिनो गीते वाचणारा भाषांतरकार नेमका येथेच फसतो. जेथे निंदा आहे तेथे तो वर्ण वाचतो.

नैतिक अर्थाने ‘नेग्रो’चा ताबा घेतला आणि म्हणून रंगासाठी दुसरा शब्द शोधावा लागला, असे स्पष्टीकरण सहज सुचते. ते आकर्षक आहे, एवढेच. ‘प्रेतो’ शोधावा लागलाच नव्हता. मध्ययुगीन कॅस्टिलियनमध्ये ‘प्रिएतो’ काळ्या रंगासाठी रूढ होता. आवळणे, दाबणे या अर्थाच्या ‘आप्रेतार’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे : जे दाटून घट्ट झाले, ते गडद. पोर्तुगीजमध्ये तर ‘प्रेतो’ हाच आजही काळ्यासाठीचा नेहमीचा शब्द होय. लादिनोतील संयुक्तस्वरविरहित रूप त्याच्याशी जुळते, आणि १४९७ च्या सक्तीच्या धर्मांतरानंतर पोर्तुगालमधूनही अनेक कुटुंबे ओटोमन प्रदेशात आली, हे येथे विसरून चालत नाही. उलट ‘नेग्रो’तील दुष्टताही नवी नव्हे, लॅटिन ‘निगेर’मध्येच ती होती. तेव्हा लादिनोने घडवला तो शब्दही नव्हे आणि अर्थही नव्हे. तिने घडवली ती वाटणी.

मात्र ही वाटणी काटेकोर राहिली नाही. ‘मझाल’ म्हणजे नशीब, हा हिब्रू शब्द. आणि ‘मझाल प्रेतो’ म्हणजे दुर्दैव. शेजारच्या तुर्कीत ‘कारा’ हा एकच शब्द काळा रंग आणि वाईट दिवस या दोहोंसाठी चालतो, ही संगती डोळ्यांआड करण्यासारखी नाही. रंगापुरता राखून ठेवलेला शब्दही अखेर अशुभाकडे झुकला. पण तो नशिबापाशी थांबला, माणसाच्या दुष्टपणाचा भार ‘नेग्रो’नेच वाहिला.

मराठी भाषांतरकाराची अडचण याहून वेगळी आहे. ‘काळा’ हा शब्द रंग, काळी कृत्ये, काळा बाजार असे सारेच पोटात घेतो. ‘नेग्रो’साठी ‘काळतोंड्या’ योजणे मोहक वाटेल. पण लादिनोने त्या शब्दातून काढून टाकलेला रंग त्यामुळे पुन्हा आत येतो. त्यापेक्षा साधा ‘दुष्ट’ बरा.