अनधिकृत संहिता आणि नायकाचा मृत्यू

इयन फ्लेमिंगच्या मृत्यूनंतर (1964) जेम्स बाँड ही व्यक्तिरेखा लेखकाची न उरता हक्कधारक 'ग्लिड्रोज' संस्थेची झाली. किंग्स्ले एमिसची 'रॉबर्ट मार्कहॅम' या टोपणनावाने आलेली 'कर्नल सन' (1968) आणि 1981पासूनच्या जॉन गार्डनरच्या कादंबऱ्या तिच्याच अनुमतीने निघाल्या. जिम हॅटफील्डची 'द किलिंग झोन' (1985) मात्र या परंपरेतील क्षेपक होय. तिच्या प्रती अत्यंत दुर्मिळ असल्याने संग्राहक तिच्या शोधात असतात. परंतु दुर्मिळता हे वाङ्मयीन मूल्य नव्हे. मग या संहितेचे महत्त्व कशात आहे?

तिच्या अखेरीस बाँड मरतो. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'मध्ये (1957) फ्लेमिंगनेही त्याला मृत्यूच्या दारात नेले होते. पण 'डॉक्टर नो'मध्ये (1958) तो परतला. मालिकेच्या अर्थव्यवहाराला नायकाचा अंत परवडत नाही. जे अधिकृत लेखकाला साधत नव्हते, ते अनधिकृत लेखकाने केले. पुढे 2021मध्ये 'नो टाइम टू डाय' या अधिकृत चित्रपटातही बाँड मरतो आणि तो मृत्यू प्रमाण मानला जातो.

घटना एकच, प्रामाण्य मात्र भिन्न. म्हणजे येथे सत्य कथानकात नसून स्वामित्वात वसते. मिशेल फूको (1969) ज्याला लेखक-कार्य म्हणतो, ते येथे मालकाच्या हाती गेलेले दिसते. चाहत्यांचा शोध नकळत हीच व्यवस्था उघडी पाडतो. समीक्षेने क्षेपकाकडे केवळ कुतूहलाने पाहू नये, ते याचसाठी.