मुक्त व्यापाराचे लोकमत : कोणाचे?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. वर्तमानपत्रांनी लगेच दोन माणसे उभी केली. एक भाव मागणारा शेतकरी, दुसरा स्वस्त कांदा मागणारा शहरी ग्राहक. पहिला खुल्या व्यापाराचा, दुसरा बंदीचा. झाले लोकमत!

माझी आई या दोघांत कुठेच नव्हती. तिने जन्मभर दुसऱ्याच्या वावरात रोजाने कांदे काढले, पात कापली. भाव चढला तरी रोज तोच. भाव पडला की मात्र मालक म्हणे, यंदा परवडत नाही. आणि घरी कांदा ती दुकानातूनच आणी. तिला निर्यात हवी की बंदी? मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, पण तिच्या वतीने ठाम उत्तर देण्याची माझी छाती नाही.

विद्वानांनी हा प्रश्न मोजला आहे. मायडा आणि रॉड्रिक यांनी २००५ साली अनेक देशांतील पाहण्या तपासून दाखवले की व्यापाराविषयीचे मत शिक्षण, समाजातील स्थान आणि राष्ट्राभिमान यांवरून बदलते. मोजणी उपयोगाची आहे. पण मालकाच्या ओट्यावर बसून मजूर बाईला प्रश्न विचारला, तर नोंद कोणाच्या मताची होईल?

बाबासाहेबांनी या राष्ट्राभिमानाचे पोट १९२५ सालीच फाडून दाखवले होते. रुपयाचा दर खाली ठेवा, निर्यात वाढेल, देशाचा फायदा होईल, असा व्यापारी-कारखानदारांचा धोशा होता. हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी मांडले की हा फायदा बाहेरून येत नाही. भाव चढतात, मजुरी मागे राहते. एका वर्गाच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात जाते. अर्थशास्त्राच्या तासाला हे शिकवले जात नाही, हे आमच्या अभ्यासक्रमांचे जुनेच दुखणे.

पुढे १९३० साली परदेशी कापडावर संरक्षक जकात बसली. स्वदेशीचा जयजयकार झाला, मुंबईच्या गिरण्यांना आधार मिळाला. मात्र त्याच गिरण्यांच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा सवर्णाला विटाळ होई. जास्त पगार त्याच खात्यात. मँचेस्टरचे कापड अडले म्हणून या कामगाराने आनंद मानावा, तर त्याला आधी साच्यावर कोण घेणार होते?