एक पिवळी रेषा आणि दोन ग्रहणे

हेलियमच्या शोधाविषयीच्या एका प्रचलित कथेचे परीक्षण

सुरगाणा येथील विद्यार्थ्यांपुढे वर्णपट या विषयावर व्याख्यान देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला असता, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ‘सूर्यावरील हेलियम प्रथम आपल्या विजयदुर्गावरून दिसला’ हे वाक्य त्याने उच्चारले. व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्या दिवशी तिथे दुर्बिणीला डोळा कोणी लावला होता?” या साध्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. अनेक वर्षे वर्गात सांगितलेली गोष्ट आपण कधी तपासलीच नाही, ही जाणीव सुखद नव्हती. प्रस्तुत टिपण हे त्या विद्यार्थ्याला दिलेले उशिराचे उत्तर होय.

मराठी नियतकालिकांतून, व्याख्यानांतून व प्रवासवर्णनांतून ही कथा ज्या स्वरूपात आढळते ती अशी: १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावर चौथरे बांधून दुर्बिणी बसविल्या, ग्रहणकाळात त्यांना एक अनोळखी पिवळी रेषा दिसली व हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ हे चौथरे पुरावा म्हणून दाखविले जातात आणि १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून तेथे साजराही होतो. कथेतील चौथरे खरे आहेत, लॉकियर खरे आहेत, ग्रहणही खरे आहे. परंतु या तिघांची सांगड मात्र खरी नाही.

१८६८ च्या ग्रहणसमयी लॉकियर हिंदुस्थानात नव्हते, ते इंग्लंडमध्ये होते. त्या दिवशी वर्णपटदर्शक घेऊन सूर्याकडे पाहणारे निरीक्षक निराळे होते. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन व मेजर टेनंट होते. मच्छलीपट्टणम येथे मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते. सूर्यबिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट तुटक, तेजस्वी रेषांचा आहे, म्हणजेच त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे या सर्वांना दिसले. हर्शेल यांना नारिंगी भागात जी रेषा दिसली ती आपल्या साधनाच्या मर्यादेत सोडियमच्या ‘डी’ रेषेशी जुळते असे त्यांनी नोंदविले. जान्सेन यांचे खरे यश पद्धतीचे होते. रेषा इतक्या तेजस्वी आहेत की त्या ग्रहणाविनाही दिसतील, हे ओळखून त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या पाहिल्या. लॉकियर यांनी स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये, कोणत्याही ग्रहणाविना, हीच गोष्ट साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर या एकाच दिवशी आली. पिवळी रेषा ‘डी’च्या जागी नसून तिच्या किंचित बाजूस आहे, ही गोष्ट लॉकियर यांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाली.

मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर विजयदुर्गावर आले होते, परंतु ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. मेलपोमिनी या युद्धनौकेवरील खलाशांच्या मदतीने त्यांनी तेथे तळ उभारला आणि प्रिझम जोडलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. १८९५ मध्ये रॅमझे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा ओळखली होती. ‘साहेबाचे कट्टे’ कोणा साहेबाच्या नावाने सांगितले जात असतील, तर ते १८९८ च्या साहेबांचे असावेत, असाच निष्कर्ष निघतो. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र केली. एका जागी घडलेल्या दोन गोष्टी एक होणे हा लोकस्मृतीचा स्वभावच आहे. त्याबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो तिची प्रत तपासल्याविना छापणाऱ्यांचा, आणि त्यांत प्रस्तुत लेखकही येतो.

तथापि केवळ सनाची दुरुस्ती करून थांबणे हे या परीक्षणाचे प्रयोजन नव्हे. कथेतील अधिक गंभीर उणीव भौतिकीच्या दृष्टीची आहे. ‘अनोळखी रेषा दिसली व मूलद्रव्य सापडले’ या वाक्यात, प्रारण आणि द्रव्य यांच्यामधील व्यवहार इतका सरळ असतो की नुसते पाहणे पुरे, असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात सोडियमच्या दोन ‘डी’ रेषांची तरंगलांबी ५८९.६ व ५८९.० नॅनोमीटर आहे, तर हेलियमच्या रेषेची ५८७.६. अंतर दीड नॅनोमीटरच्या आसपास. प्रकाशकणाची ऊर्जा दोन्ही ठिकाणी सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. असे असता सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात सोडियमच्या रेषा ठळक काळ्या दिसतात आणि हेलियमच्या रेषेचा मात्र तेथे मागमूस नसतो. ऊर्जा जवळजवळ सारखी असूनही हा भेद का असावा?

याचे उत्तर प्रकाशात नाही, अणूत आहे. सोडियमचा अणू आपल्या सर्वांत खालच्या पातळीवरूनच २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाशकण शोषून घेतो. म्हणून सूर्यपृष्ठावरील थंडशा थरांत तो असला की रेषा काळी पडते. हेलियमची पिवळी रेषा ज्या दोन पातळ्यांमधील संक्रमणाने उमटते, त्यांतील खालची पातळीच मुळी तळापासून सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीवर आहे. सूर्यपृष्ठाचे तापमान ५,८०० केल्व्हिनच्या जवळपास. तेथील औष्णिक ऊर्जेचे माप सुमारे अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बोल्ट्झमन यांच्या नियमाने हिशेब केला तर त्या पातळीवर असणाऱ्या अणूंचे प्रमाण दहाच्या उणे अठराव्या घाताच्या आसपास येते. शोषण करण्यास त्या जागी कोणी उभेच नाही, मग रेषा काळी कशी पडणार? उलट वर्णावरणात, वरच्या प्रभामंडलातून येणाऱ्या जंबुपार व क्ष-प्रारणाने हेलियमचे आयनीभवन होते. मुक्त इलेक्ट्रॉन पुन्हा पकडला जाताना तो पायरी पायरीने खाली उतरतो आणि वाटेत ही पिवळी रेषा तेजस्वी होऊन उमटते. म्हणून ती बिंबाच्या आत नव्हे, तर बिंबाच्या कडेशी शोधावी लागली. ग्रहण हे या शोधाचे कारण नव्हते. ते केवळ झगमगाट झाकणारे एक झाकण होते, आणि ते झाकण वगळूनही काम होते हे जान्सेन व लॉकियर यांनी दाखविले.

१८६८ मध्ये यांतील काहीच ठाऊक नव्हते. बुन्सेन व किर्खोफ यांनी वर्णपटीय विश्लेषणाचा पाया घालून जेमतेम आठ-नऊ वर्षे लोटली होती. लॉकियर यांनी रसायनज्ञ फ्रँकलंड यांच्यासह प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब व तापमानाचे प्रयोग केले, आणि कोणत्याही स्थितीत हायड्रोजन ती रेषा देत नाही असे आढळल्यावर नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. त्याला सूर्यावरून हेलियम हे नाव मिळाले. ती कल्पना बहुतांशी निरासाने सिद्ध झालेली होती. पंचवीसहून अधिक वर्षे अनेकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले आणि तो संशय अशास्त्रीय होता असे म्हणता येणार नाही. प्रचलित कथा हा संशय, हे प्रयोग आणि ही प्रतीक्षा गाळून टाकते व त्यांच्या जागी एका क्षणाचे दर्शन ठेवते. विद्यार्थ्याला शोध म्हणजे भाग्य वाटू लागते, श्रम वाटत नाहीत.

येथे अभिमानाचा प्रश्न उपस्थित केला जाईल. विजयदुर्गाचा मान काढून घेतला तर महाराष्ट्राकडे उरले काय? बरेच उरते. १८९८ च्या ग्रहणात जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपल्या तुकडीसह निरीक्षणे केली व त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या त्यांच्या वेधशाळेची वीस इंची दुर्बीण पुढे १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. आपल्याच माणसाने, आपल्याच भूमीवर केलेले हे काम विस्मरणात जावे आणि न आलेल्या पाहुण्याचा उत्सव व्हावा, यात अभिमान कमी व आळस अधिक आहे. विजयदुर्गाचाही मान जात नाही. १८९८ चा विजयदुर्ग पुरेसा मानाचा आहे. फक्त त्याचा दिवस २२ जानेवारी हा होय.

सुरगाण्याच्या त्या विद्यार्थ्याला अखेरीस एक प्रयोग सुचवावासा वाटतो. चुलीतील जाळावर चिमूटभर मीठ टाकावे आणि जुन्या कॉम्पॅक्ट डिस्कचा तुकडा बसविलेल्या, अरुंद फट ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो पिवळा जाळ पाहावा. सोडियमची रेषा दिसेल, पण ती एकच दिसेल. तिच्या दोन रेषा त्या खोक्यातून सुट्या होणार नाहीत आणि दीड नॅनोमीटर अंतरावरची तिसरीही बहुधा ओळखू येणार नाही. जमखिंडीस हर्शेल यांनी ‘डी’शी जुळते असे का लिहिले, हे त्या वेळी त्याला कोणाच्या सांगण्यावाचून कळेल. दुर्बिणीला डोळा कोणी लावला होता, हा त्याचा प्रश्न योग्यच होता. त्याला जोडून दुसराही प्रश्न विचारावयास त्याने शिकावे: त्या डोळ्याला किती बारीक भेद दिसू शकत होता?