‘मा रेवा’ : ऐकायचं राहून गेलेलं गाणं

‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला. त्यातलं शीर्षकगीत मी कितीदा तरी ऐकलं. ‘मा रेवा’ मात्र एक गोड नदीस्तुती म्हणून सोडून दिलं. पुढे ते कार्यक्रमात समोर बसून ऐकलं, तेव्हा माझी चूक कळली.

हे नर्मदाकाठचं लोकगीत. बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. गाणं त्यांना तिथेच भेटलं. त्यात धरणाचं नावही नाही, आहे ते वाहत्या पाण्याचं कौतुक. घरी एकट्याने ऐकताना ते वर्णन वाटलं. सभागृहात सगळ्यांनी ध्रुवपद उचललं, आणि कळलं की ही मागणी आहे: नदी वाहती राहू द्या.

एक उणीव सांगतो. ठेका इतका रंगतो, की त्यामागचं दुःख निसटतं. मीही टाळ्याच वाजवत होतो.

आपण टेंभुर्णीकर. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या शेजारी बसून हे गाणं एकदा ऐका. मग टाळी वाजते का बघा.