कोळसा सोडून बाकी सारं तेच

या गाडीला छप्पर आहे, आणि ते छप्परच तिचं इंधन आहे. खाली सायकलसारखी चाकं, मध्ये इस्त्रीचं टेबल, पोटात बॅटरी आणि डोक्यावर सोलर पॅनल. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलै गावच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीला सुचलेली ही इस्त्रीची गाडी. 2019 साली तिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम इग्नाइट पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी स्वीडनचं चिल्ड्रन्स क्लायमेट प्राइझ मिळालं, आणि 2021 मध्ये ती ब्रिटनच्या अर्थशॉट पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचली. बातम्या भरपूर झाल्या. पण बहुतेक बातम्यांत मधोमध मुलगी आणि पदक, गाडी आपली कुठेतरी कडेला. म्हणून मुलीचं कौतुक थोडं बाजूला ठेवून इथे गाडीच वाचायची आहे, एखादी रचना वाचावी तशी.

या रचनेचं मूळ विस्तवात नाही, विझलेल्या कोळशात आहे. बारा वर्षांची विनिशा शाळेतून घरी येत असताना गल्लीतला इस्त्रीवाला दिवसभराचा जळका कोळसा कचऱ्यात टाकताना तिला दिसला. इस्त्रीच्या गाडीपाशी उभ्या राहणाऱ्या कुणालाही आधी जाणवते ती धग, मग धूर. धंदा आटोपल्यावर काय उरतं याकडे कोण बघतं? तिनं ते पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला: एका गाडीतून एवढा, तर गावातल्या सगळ्या गाड्यांतून किती? आणि देशातल्या? एका गाडीला दिवसाला पाच किलो कोळसा लागतो, असा अंदाज तिनं मांडला. त्यामागे तोडलेली झाडं आली, धूर आला, आणि तो धूर दिवसभर छातीत ओढणारा माणूसही आला.

कोळशाची इस्त्री ज्यांनी वापरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पितळेची किंवा लोखंडाची पोकळ पेटी, वर बिजागरीचं झाकण, लाकडी मूठ. झाकण उघडून आत फुललेले निखारे भरायचे. भरलेली इस्त्री पाच-सात किलोंची सहज होते. तिला थर्मामीटर नाही, बटण नाही. पाण्याचा शिंतोडा उडवून ‘चर्र’ आवाज कसा येतो त्यावरून ताव ओळखायचा. निखाऱ्यांवर राख साचली की इस्त्री मंदावते, मग झाकण उघडून वारा घालायचा, आणि वारा घालताना एखादा राखेचा कण पांढऱ्या शर्टावर बसला की शर्ट पुन्हा धुवायचा. ठिणगी पडली तर शर्ट भरून द्यायचा. एवढं सांभाळून रोजची मिळकत किती, हे आपण कपड्यामागे जे मोजतो त्यावरून कुणालाही कळेल. मुंबई-पुण्यात जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याला सोसायटीच्या मीटरवरून वीज मिळून जाते, त्यामुळे हा सगळा खटाटोप आपल्या विस्मरणात चालला आहे. झाडाखाली गाडी लावणाऱ्याला मात्र वायर कुठून आणायची?

आता गाडीचा गाभा. गाडीच्या वर्णनात म्हटलं आहे की पाच तासांच्या उन्हात बॅटरी भरते आणि भरलेल्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीवर इस्त्री सहा तास चालते. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नये, इथे कागद-पेन्सिल घ्यावी. बाजारात सहज मिळणारी अशी बॅटरी 12 व्होल्टची असते. 12 गुणिले 100 म्हणजे 1200 वॉट-तास, वीजबिलाच्या भाषेत सव्वा युनिटलाही थोडी कमी. सहा तासांत वाटली तर सरासरी 200 वॉट. घरातली साधी इस्त्री 750 ते 1000 वॉट खाते. म्हणजे सहा तासांत इस्त्री प्रत्यक्ष वीज ओढणार ती चौथा-पाचवा हिस्सा वेळच. कपडा उलटणं, घडी घालणं, गठ्ठा बांधणं, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणं, या वेळात थर्मोस्टॅट इस्त्री बंद ठेवतो हे खरं. तरीही जाड सुती कपड्यांच्या दिवशी हा हिशेब ओढूनताणूनच बसेल. शिवाय शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर तिचं आयुष्य भराभर उतरतं. तेव्हा बॅटरी थोरली हवी, हा पहिला शेरा.

पण हाच हिशेब कोळशाच्या बाजूनं केला की मजा येते. एक किलो लोणारी कोळशात साधारण 30 मेगाज्यूल ऊर्जा असते. पाच किलोंत 150. विजेच्या एका युनिटात 3.6 मेगाज्यूल, म्हणजे पाच किलो कोळसा जाळणारा इस्त्रीवाला रोज चाळीसेक युनिटं जाळतो. चाळीस! आणि त्याचंच काम सव्वा युनिटात भागेल असं ही गाडी म्हणते. सव्वाचं दुप्पट करा, चौपट करा, तरी पाच. बाकीची पस्तीस युनिटं जातात कुठे? झाकणाच्या भोकांतून वर, पेटीच्या बाजूंनी बाहेर, शेगडीत कोळसा फुलेपर्यंत हवेत, आणि बरीचशी इस्त्रीवाल्याच्या तोंडावर. कपड्यापर्यंत पोचतो तो चतकोर. या गाडीचा खरा युक्तिवाद सूर्याचा नाहीच, या उधळपट्टीचा आहे. वीज कुठूनही येवो, ती तव्याला चिकटून उष्णता देते, म्हणून थोडक्यात भागतं. बक्षीस देणाऱ्यांनी सूर्याचं गुणगान केलं आणि ही बाब त्यांच्या नजरेतून निसटली, असं मला वाटतं.

छपराचा हिशेब तर फारच देखणा आहे. सव्वा युनिट पाच तासांत भरायचं, थोडी गळती धरायची, तर 300 वॉटच्या आसपासचं पॅनल लागतं. असं पॅनल साधारण 1.65 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद येतं. इस्त्रीच्या गाडीचं टेबल जवळपास तेवढंच असतं! मेजाएवढं छप्पर, आणि त्या छपराएवढीच गरज. इस्त्रीवाला उन्हात उभा असतो, त्याला सावली हवी होती. पॅनलला ऊन हवं होतं. एका फळीनं दोन्ही गरजा भागवल्या. असा मेळ बसला की रचना घट्ट होते, त्यातला एकही तुकडा शोभेचा उरत नाही.

आणि बदललं काय, यापेक्षा बदललं नाही काय, ते पाहण्यासारखं आहे. गल्ली तीच, उभं राहण्याची पद्धत तीच, पाण्याचा शिंतोडा तोच, गिऱ्हाईक तेच. शहाण्या मोठ्या माणसाला हे काम दिलं असतं तर त्यानं बहुधा इस्त्री केंद्र काढलं असतं: मोठी शेड, यंत्रं, रांगेत काम करणाऱ्या बायका, दारावर पाटी. आजवर स्वतःच्या गाडीचा मालक असलेला माणूस तिथे मजूर झाला असता. या मुलीनं मालकी हलवली नाही, फक्त कोळसा काढून घेतला. सायकलची जोडणी तर त्याची मालकी आणखी लांब पोचवते. गिऱ्हाइकानं गठ्ठा घेऊन येण्याऐवजी गाडीच दारोदार जाऊ शकते.

मिळकतीचाही विचार यात आहे. मोबाइल चार्जिंगसाठी यूएसबीची भोकं, रिचार्जची सोय, नाण्यावर चालणारा फोन, असं जोडधंद्याचं कलम तिनं घातलं. फोनचं कलम कागदावरच म्हातारं झालं, नाण्याचा फोन आता कोण वापरतो. पण दिशा बरोबर आहे. पर्यावरणाचे प्रकल्प करणारी मुलं सहसा पृथ्वीचं भलं मांडतात आणि चालवणाऱ्याच्या खिशाचा विषय सोडून देतात. इथे खिसा आधीपासून हजर आहे.

उणिवा? आहेत. ऊन नसेल त्या दिवशी काय, याचं उत्तर गाडीत तीन तऱ्हांनी दिलं आहे: आधी भरून ठेवलेली बॅटरी, साधी वीज, नाहीतर डिझेलचा जनरेटर. शेवटचा पर्याय मला खटकतो. कोळशाचा धूर घालवायला निघालेल्या गाडीच्या मागे डिझेलचा धूर, म्हणजे घरातली घाण अंगणात. पण पहिला पर्याय या रचनेतला सर्वांत कसदार आहे, आणि त्याच्याकडे फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही. भरलेली बॅटरी आणून बसवता येत असेल तर पॅनल गाडीवरच कशाला? ते कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पत्र्यावर बसेल, इस्त्रीवाला सकाळी भरलेली बॅटरी नेईल, संध्याकाळी रिकामी परत करेल. गाडीवरचं पॅनलचं वीसेक किलो वजन जाईल, आणि मोठा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येणार नाही. फक्त मग ते सुरेख छप्पर जातं; सावलीला ताडपत्री पुरते. रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट आणि सर्वांत उपयोगी गोष्ट एकमेकींच्या आड येतात, हे मान्य करायलाच हवं. शिशाच्या बॅटरीचं वजनही कमी नाही, 100 अँपिअर-तासांची बॅटरी तीसेक किलोंची असते, आणि ती मेल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्न जळक्या कोळशापेक्षा जास्त विषारी आहे.

दरम्यान गॅसवर चालणाऱ्या इस्त्र्या आल्या आहेत. एका सिलिंडरवर चालतात, राख नाही, धूर नाही, आणि सुरुवातीचा खर्च थोडा. सोलर गाडीचा खरा सामना कोळशाशी नाहीच, या गॅसशी आहे. गॅस हेही खनिज इंधनच, पण इस्त्रीवाला हिशेब उद्याच्या मिळकतीचा करणार, शंभर वर्षांनंतरच्या हवेचा नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

आता ही गाडी ज्या स्पर्धेतून आली तिच्याविषयी. इग्नाइट ही नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनची स्पर्धा. हे प्रतिष्ठान 2000 साली केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं गुजरातेत उभं राहिलं. त्याच्या मुळाशी अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्रा. अनिल गुप्ता यांचं हनी बी नेटवर्क आहे. गुप्ता आणि त्यांचे सहकारी शोधयात्रा काढून गावोगाव पायी हिंडत, आणि शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या युक्त्या ज्याच्या त्याच्या नावानिशी टिपून ठेवत. त्याच वळणाची ही मुलांची स्पर्धा. बारावीपर्यंतची मुलं यात येतात, शाळा सुटलेली मुलंही येऊ शकतात. मुलानं पाठवायची असते कल्पना. चालता नमुना सोबत असलाच पाहिजे अशी अट नाही. कल्पना निवडली गेली तर प्रतिष्ठानचे अभियंते नमुना बांधायला मदत करतात आणि पेटंटचा अर्ज मुलाच्या नावानं होतो. विनिशाच्या गाडीचा नमुनाही असाच तयार झाला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: वेल्डिंग मुलीनं केलं नाही, सर्किट तिनं जोडलं नाही, मग ती कसली संशोधक? मला हा आक्षेप लागू वाटत नाही. आपल्या शाळांतलं विज्ञान प्रदर्शन आठवून पाहा. थर्माकोलवर रंगवलेलं धरण, दिवे लागणारी पवनचक्की, शेजारी पाठ केलेलं भाषण, आणि मागे रात्रभर फेव्हिकॉल लावून थकलेले बाबा. तिथे नमुना असतो पण प्रश्न नसतो. इग्नाइटनं नमुन्याची अट काढून टाकली, आणि ज्या मुलाच्या घरी ड्रिल मशीन नाही त्याच्या डोक्यालाही दार उघडं झालं. कोळसा कचऱ्यात पडताना पाहून थांबण्याचं काम अभियंता नंतर करून देऊ शकत नाही.

स्पर्धेच्या पायऱ्या जशा वर गेल्या तसा भर बदलत गेला, हे मात्र नोंदवायला हवं. गुजरातेत कल्पना पाहिली गेली. स्वीडनपर्यंत हवामानाची गोष्ट पुढे आली. 2 नोव्हेंबर 2021 ला अर्थशॉट सुरू करणाऱ्या प्रिन्स विल्यम यांच्या निमंत्रणावरून विनिशा ग्लासगोच्या हवामान परिषदेत राष्ट्रप्रमुखांसमोर बोलली. पोकळ आश्वासनांचा आपल्या पिढीला राग आला आहे, पण मला रागावण्यात वेळ घालवायचा नाही, मला काम करायचं आहे, अशा आशयाचं तिखट भाषण. ते गाजलं आणि गाजण्यासारखंच होतं. मात्र तोवर थर्मोस्टॅट, बॅटरी, सायकलची चाकं सगळी मागे राहिली होती.

त्या वर्षी अर्थशॉटच्या ‘हवा स्वच्छ करा’ गटातलं दहा लाख पौंडांचं पारितोषिक तिला मिळालं नाही, ते दिल्लीच्या विद्युत मोहन यांच्या टाकाचारला गेलं. शेतात जाळून टाकला जाणारा काडीकचरा छोट्या यंत्रात भाजून त्याचं इंधन आणि खत करायचं, हा त्यांचा उद्योग. म्हणजे एकाच गटात एका बाजूला कोळसा हद्दपार करणारी मुलगी, आणि दुसऱ्या बाजूला काडीकचऱ्यातून कोळशाच्या जातीचाच माल काढणारा तरुण! परीक्षकांना यातली गंमत जाणवली की नाही कोण जाणे. निकाल मात्र मला योग्य वाटतो. टाकाचारच्या यंत्रात शेतकऱ्याला पैसे कुठून येणार हे पहिल्या ओळीतच लिहिलेलं आहे. विनिशाच्या गाडीत ते कलम आहे, पण अर्धं: गाडी आल्यावर चार पैसे जास्त कसे मिळतील ते दिलं आहे, गाडी घ्यायचे पैसे कोण देणार ते दिलेलं नाही. ते कलम लिहिणं बारा वर्षांच्या मुलीचं काम नव्हतं. ते लिहायला बँका आहेत, नगरपालिका आहेत, आणि सोलर पंपांवर अनुदान देणारी सरकारं आहेत.