पीएएस ९९८० : बाह्य भिंतीचा अग्निधोका मोजण्याची पद्धत आणि तिच्या मर्यादा

अग्निसुरक्षा म्हटली की आपण जिने, दरवाजे, अलार्म यांचा विचार करतो. बाहेरची भिंत सहसा वास्तुरचनाकाराच्या खात्यात जाते. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरील एका सदनिकेत फ्रिजजवळ लागलेली आग खिडकीतून बाहेर पडली आणि ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन भरलेल्या पॅनेलांवरून चोवीस मजली इमारतभर पसरली. ७२ माणसे गेली.

त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस-१ हा फॉर्म आला. तो मुळात गृहकर्जासाठी मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्यांच्या सोयीचा होता. लोक मात्र त्यालाच सुरक्षिततेचा दाखला समजू लागले. भिंतीत ज्वलनशील काही आहे का, एवढ्यावरच सारी भीती एकवटली. अनेकांची घरे विकली जाईनात, त्यांवर कर्जही मिळेना.

जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीएएस ९९८० ने हा प्रश्नच बदलला, आणि माझ्या मते हेच तिचे मोठे काम. भिंतीतील सामग्री आगीत कशी वागते, दर्शनी भागाची रचना कशी आहे (पट्टे सलग वर जातात का, बाल्कनी एकावर एक आहेत का), आणि रहिवाशांनी घरातच थांबायचे की बाहेर पडायचे, या तीन बाबी एकत्र तोलून धोका कमी, मध्यम किंवा जास्त ठरतो. म्हणजे तेच पॅनेल एका जिन्याच्या उंच इमारतीवर घातक, तर बुटक्या इमारतीच्या तळाशी चार फूट पट्टीपुरते असेल तर सह्य ठरू शकते.

आता अडचण पाहा. हे तोलणे तज्ज्ञाच्या विवेकावर चालते. दोन तज्ज्ञ एकाच भिंतीला ‘मध्यम’ आणि ‘जास्त’ म्हणू शकतात, आणि त्या फरकावर पॅनेले काढायची की ठेवायची, खर्च कोणी करायचा, हे अवलंबून असते. ‘मध्यम’ हा शब्द तर फारच सोयीचा आहे.

याहून गंभीर मुद्दा उद्दिष्टाचा. पद्धत जीवितसुरक्षेपुरती आहे; मालमत्ता वाचवणे तिच्या कक्षेत नाही. सगळे वेळेत बाहेर पडले आणि इमारत जळून गेली, तरी निकष पाळला गेला असे म्हणता येते. ज्याचे घर गेले त्याला हे कसे समजवायचे? दस्तऐवज ही मर्यादा लपवत नाही, पण अहवाल हाती पडलेला रहिवासी ‘धोका कमी’ एवढेच वाचतो.

आणि भिंतीच्या पोकळीचे काय? आग अडवणारी कॅव्हिटी बॅरियर नकाशात असते. प्रत्यक्षात ती तुटकी किंवा बसवलेलीच नाही, हे भिंत उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून असा अहवाल हाती आला, तर निष्कर्षाच्या पानाआधी भिंत किती ठिकाणी आणि कोणत्या बाजूंना उघडून पाहिली, ते पान काढा.