योनाचा रुसवा

योना म्हटले की आपल्या घरांतील मुलांना मोठा मासा आठवतो. चार अध्यायांच्या या पुस्तकात मासा ओझरताच येतो. लेखकाचे सारे लक्ष आहे ते योनाच्या रुसव्यावर. आपण इब्री, स्वर्गीच्या देवाचे उपासक, असे तो खलाशांना सांगतो. मात्र साऱ्या कथेत देवाची आज्ञा मोडून पळतो तो एकटाच. परके खलाशी प्रार्थना करतात, निनवेचे लोक उपवास धरतात, त्यांची जनावरेदेखील गोणपाट पांघरतात! त्या शत्रुनगरीला क्षमा मिळाली, हेच योनाचे दुःख. सावलीचा वेल सुकल्यावर मात्र तो हळहळतो. हा उपहास आम्हांस इतर संदेष्ट्यांच्या गर्जनांहून अधिक बोचरा वाटतो.

यहुदी समाजाकडे बोट दाखवण्यासाठी हे पुस्तक वापरणे अन्यायाचे होईल. प्रायश्चित्तदिनी दुपारी सभास्थानात तो समाज हेच पुस्तक वाचतो. आणि योना आपल्यातही झाले. ख्रिस्तसभेबाहेर कुणाचेच तारण नाही, असा हट्ट बोस्टनच्या फादर लिओनार्ड फीनी यांनी धरला. १९४९ साली रोमने तो अर्थ नाकारला. पुढे बोलावणे येऊनही ते रोमला गेले नाहीत, आणि १९५३ मध्ये स्वतःच बहिष्कृत झाले. (१९७२ साली समेट झाला, हे समाधान.) तरीही आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांत 'निवड' हा शब्द आजही जबाबदारीपेक्षा मक्तेदारीच्या अर्थानेच अधिक ऐकू येतो.

पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपते. योनाने काय उत्तर दिले, तो घरी परतला की नाही, लेखक सांगत नाही.